तिसरा झेंडा

सकाळी साडेसहाला मी दोरी सोडवतो.
आधी देशाचा. तो सगळ्यांत वर, असा नियम आहे.
मग अस्वलाचा, म्हणजे राज्याचा, हातभर खाली.
आणि त्याच्याही खाली हवेचा,
चौकोनी, रुमालापेक्षा थोडा मोठा.
त्याचा रंग कुठला, ते मला फोनवर कळतं.

हिरवा गेल्या वर्षी मोजून एकोणीस दिवस लागला.
त्याच्या घडीवर अजून दुकानाची इस्त्री आहे.
नारिंगीची कड मात्र उसवली.
दोनदा शिवली, मीच,
दुसऱ्यांदा माशाच्या गळाच्या दोऱ्याने.

मैदानावरून डोंगर दिसायला हवेत.
आहेत तिथेच, तेहाचापीचे. दिसत नाहीत.
आर्व्हिन गाव कढईच्या बुडाशी.
नव्व्याण्णव नंबरच्या हायवेचा धूर
वाऱ्याबरोबर घरंगळत येतो आणि इथे बसतो,
उठायचं नाव नाही,
सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा.

काल नर्स डेल्फिना आरिएता
खणातले दम्याचे पंप मोजत होती.
एकेचाळीस. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव.
मोजता मोजता म्हणाली, ऐकलंस ना लिओबार्दो?
गाडीच्या नळकांड्यातून काय नि किती बाहेर पडावं
हे आपलं आपण ठरवायचो,
ती सूट वॉशिंग्टनने काढून घेतली.
मी म्हटलं, मागेही काढली होती.
ती म्हणाली, मग परत दिली.
मी म्हटलं, मग आता कोर्ट.
ती म्हणाली, तू बोललास आणि माझा आकडा चुकला,
आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.

दोन घरचा पाहुणा उपाशी.
ही हवा दोन घरची.
पण उपाशी राहते ती हवा नाही.
तिसरीच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर
एक मुलगी खांदे उचलून श्वास घेते,
जणू श्वास उंच फळीवर ठेवलाय.

तिचा बाप साउल, माझा मेव्हणा. गाजरं ओढतो.
सॅक्रामेंटोने त्याला जुना ट्रक विकायला लावला,
नव्याचे हप्ते अजून साडेचार वर्षं.
बातमीच्या रात्री त्याने बिअर आणली.
म्हणाला, एक देश, एक नियम.
नेवाडाची हद्द ओलांडली की धूर वेगळा होतो का?
मी म्हटलं, नाही होत. तेच तर.
तेच तर काय?
पुढचं मला सांगता आलं नाही.
बिअर गार होती. त्याचा हिशेबही खरा होता.
आत यारेली खोकत होती,
आम्ही दोघांनी एकाच वेळी टीव्हीचा आवाज कमी केला.

एक मात्र मी बघून ठेवलंय:
तिला न्यायला येतो तेव्हा तो
वळणावरच इंजिन बंद करतो
आणि उरलेला उतार ट्रक तसाच, मुका,
फाटकापर्यंत येऊ देतो.
धोकादायक आहे ते.
हा नियम सॅक्रामेंटोचा की वॉशिंग्टनचा,
मी विचारलेलं नाही.

आज फोन म्हणतो, लाल.
लाल चढवला.
वारा जराही नाही.
तिन्ही झेंडे काठीला चिकटून लोंबतायत,
ओल्या कपड्यांसारखे,
खालून बघितलं तर अस्वल कुठलं, तारे कुठले,
ओळखू येत नाही.
यारेली दप्तर पाठीवर टाकून माझ्या शेजारी उभी राहिली.
म्हणाली, मामा, कुठला जिंकला?
मला वाटलं बातमीचं विचारतेय.
ती झेंड्यांचं विचारत होती,
वारा सुटल्यावर पहिला कुठला फडफडतो
अशी त्यांची वर्गात पैज असते.

सगळ्यांत हलका असेल तो, मी म्हटलं.
तिने खिशातला पंप चाचपला,
आहे का बघितला, आणि आत गेली.

मग डेल्फिनाने खिडकीतून हाताने खूण केली:
मधली सुट्टी आत.
सूट गेली, सुट्टीही गेली, असं काहीतरी मनात आलं,
पण ऐकायला कुणी नव्हतं.
मी मैदानाचं फाटक ओढलं.
बिजागरी करकरते. तेल घालायचं राहिलंय,
सोमवारपासून.